कुंपणाबाहेरचं रालामंडल

इंदूरच्या मराठी घरांत सुट्टीत जंगल पाहायला जायचा विषय निघाला, की आधी कान्हा, पेंच, ताडोबा ही नावं येतात. दक्षिणेचा बेत असेल तर बंदीपूर, मुदुमलै, पेरियार. रालामंडलचं नाव या यादीत कधीच नसतं. ते पाहुण्यांना दाखवायचं ठिकाण. रविवारी पोहे-जिलबी झाल्यावर दोन तास काढायची टेकडी. कागदावर मात्र ही टेकडी १९८९ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. क्षेत्रफळ फक्त २.३४ चौरस किलोमीटर. एवढ्याशा तुकड्याला अभयारण्य म्हणणं ही सरकारी हौस आहे, असं बरेच जण म्हणतात, आणि हा शेरा उडवून लावण्यासारखा नाही. पण आकडा खरा असला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. लहान अभयारण्याची किंमत आत किती प्राणी दिसतात यावर ठरत नाही. बाहेरच्या जंगलाशी त्याचं नातं कितपत शिल्लक आहे, यावर ती ठरते. म्हणूनच ते वाचवायचं असेल तर कुंपणाच्या आत कमी करायला हवं आणि कुंपणाबाहेर जास्त. आज बहुतेक ठिकाणी नेमकं याच्या उलट चाललं आहे.

राजवाड्यापासून निघालं तर अंतर पंधराएक किलोमीटर, पण या रस्त्यावर शहर आणि जंगल यांच्या नात्याचे बरेच टप्पे ओळीने भेटतात. पहिला टप्पा खुद्द राजवाडा. मल्हारराव होळकरांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला उभ्या राहिलेल्या या सात मजली वास्तूचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. म्हणजे होळकरांची राजधानी घडत असताना कुठलं तरी जंगल तुळया-खांबांच्या रूपाने शहरात आलं. ते लाकूड अनेकदा जळलं. १९८४ च्या दंगलीतली आग अजून पुष्कळांच्या आठवणीत आहे. पुढे जवाहर मार्ग ओलांडून नवलखाकडे वळलं, की कमला नेहरू प्राणिसंग्रहालय लागतं. हा दुसरा टप्पा: प्राणी आहेत, जंगल नाही, आणि तसा दावाही नाही. मग भंवरकुआं, खंडवा रस्ता, तेजाजी नगर आणि बायपास. शिकवणी वर्गांच्या पाट्या संपतात, त्यांच्या जागी टाउनशिपच्या पाट्या येतात. उंच कमानी, लांबलचक भिंती आणि अजून न बांधलेल्या बंगल्यांची चित्रं. शेतं मधूनमधून दिसतात, तीही भावाची वाट पाहत असल्यासारखी. या सगळ्याच्या मागे रालामंडलची टेकडी उभी आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७८० मीटर उंच, म्हणजे भोवतालच्या माळव्याच्या पठारापेक्षा दोनेकशे मीटर वर.

ही टेकडी महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ओळखीची वाटते, आणि त्याला कारण आहे. सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांनी बनला, तेच थर माळव्याखालीही पसरले आहेत. काळा खडक, त्यावर पातळ माती, पावसाळ्यात गुडघाभर गवत आणि मार्च लागला की पानगळीने मोकळं झालेलं रान. साग, बांबू, बाभूळ आहे. मधूनमधून निलगिरीही आहे, आणि ती इथली नाही हे तिच्याकडे पाहूनच कळतं. चितळ आहेत, नीलगाय आहे, साळिंदर, ससे, मोर आहेत. बिबट्याचा वावर आहे. पायथ्याजवळ कुंपण घातलेलं हरीण उद्यान आहे, आणि बहुतेकांची भेट तिथेच पुरी होते. वर जाणारी चढणीची वाट माथ्यावरच्या होळकरकालीन शिकारगाहपर्यंत पोचते. आता तिथे छोटं संग्रहालय आहे. लोक तिथे फोटो काढतात आणि उतरतात.

मला शिकारगाह हा या संपूर्ण सहलीतला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. राजे-महाराजे शिकारीची वास्तू हवा खायला बांधत नसत. जिथे सावज हमखास येतं तिथे बांधत. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, इंदूरच्या राजवाड्यावरून घोड्यावर सहज गाठता येईल अशा अंतरावर मोठी जनावरं होती. आणि मोठी जनावरं अडीच चौरस किलोमीटरच्या टेकडीवर राहत नसतात. ती दक्षिणेकडून येत असणार: सिमरोलच्या घाटातून, चोरलच्या खोऱ्यातून, जिथे माळव्याचं पठार संपून विंध्याचा उतार नर्मदेकडे कोसळतो. रालामंडल हे त्या मोठ्या जंगलाचं शहराकडे आलेलं टोक होतं. आपण जपून ठेवलं ते टोक. ज्याचं ते टोक होतं, त्या जंगलाशी त्याला जोडणारी मधली जमीन मात्र कोणाच्याच खात्यावर राहिली नाही.

आता दक्षिणेकडची तुलना करू, कारण ती सगळेच करतात. बंदीपूरही मूळचं शिकारीचं रान. म्हैसूरच्या महाराजांनी १९३१ मध्ये तिथे सुमारे ९० चौरस किलोमीटरचं वेणुगोपाल वन्यजीव उद्यान स्थापन केलं. दहा वर्षांत ते आठशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आलं. आपल्याकडचं दाजीपूरही कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीचं जंगल. ते १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि १९८५ मध्ये राधानगरी या नावाने ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढलं. तिन्ही कहाण्यांची सुरुवात एकसारखी आहे. फरक असा, की बंदीपूरच्या पाठीशी नागरहोळे, मुदुमलै आणि वायनाड होतं, दाजीपूरच्या पाठीशी सह्याद्रीची सलग रांग होती, म्हणून त्यांना वाढता आलं. रालामंडलच्या पाठीशीही विंध्याची कड होती. पण तोपर्यंत शहर मध्ये येऊन बसलं होतं. तेव्हा रालामंडल बंदीपूरसारखं का नाही, या प्रश्नाचं उत्तर टेकडीत शोधून सापडणार नाही.

लहानपणाचा तोटा नेमका काय असतो, हे साध्या गणिताने कळतं. २.३४ चौरस किलोमीटरची जागा अगदी गोल असती, तरी तिचा मध्यबिंदू कडेपासून साधारण ८६० मीटरवर असता. प्रत्यक्ष टेकडी काही कंपासाने काढलेली नाही, त्यामुळे खरं अंतर त्याहून कमीच भरणार. याचा अर्थ, रालामंडलमधलं एकही झाड, एकही घरटं, एकही बीळ कुंपणापासून किलोमीटरभरही दूर नाही. हॉर्न, दिवे, लग्नाच्या मंडपातलं संगीत, भटकी कुत्री, उडत येणारं प्लास्टिक हे सगळं मध्यापर्यंत पोचतं. ८७२ चौरस किलोमीटरच्या बंदीपूरसाठी हाच हिशेब केला तर मध्यबिंदू कडेपासून साडेसोळा किलोमीटरवर येतो. मोठ्या जंगलाला कड असते. लहान जंगल म्हणजे सगळी कडच. हाच हिशेब बाहेरच्या बाजूनेही मांडता येतो. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षित जंगलांभोवती किमान एक किलोमीटरचा संवेदनशील पट्टा ठेवायला सांगितलं आणि एप्रिल २०२३ मध्ये सरसकट एक किलोमीटरची ती अट शिथिल केली. रालामंडलभोवती असा किलोमीटरभर रुंदीचा पट्टा कल्पून पाहिला, तर तो साडेआठ चौरस किलोमीटरच्या घरात जातो, म्हणजे अभयारण्याच्या साडेतीनपटीहून जास्त. लहान अभयारण्याचं बरंचसं भवितव्य त्याच्या बाहेर असतं, असं मी म्हणतो ते या अर्थाने.

बाहेर अजून काही उरलंय का, असा रास्त प्रश्न इथे येतो. उरलं आहे, आणि त्याची खूण जनावरांनीच दिली आहे. मे २०२३ मध्ये महूच्या लष्करी परिसरातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. पुढच्याच महिन्यात महू परिसरात गुरं चारायला गेलेल्या एका वृद्धाचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वाघ शहराच्या वेशीवर आला म्हणून खळबळ उडाली, भीतीही खरी होती, आणि गेलेल्या जिवाची भरपाई कुठल्याही युक्तिवादाने होत नाही. पण भूगोलाच्या दृष्टीने ती घटना एवढंच सांगते, की महू, मानपूर, चोरल, बडवाह आणि पूर्वेला देवास-सीहोरच्या सीमेवरचं सुमारे १३० चौरस किलोमीटरचं खिवनी अभयारण्य यांच्यामधली वाट पूर्ण बंद झालेली नाही. जंगलांचे तुकडे, नाल्यांच्या काठची झाडी, पडीक माळ आणि शेतं यांतून जनावर अजून चालत जाऊ शकतं. रालामंडल या वाटेचं मुख्य स्थानक नाही. पण शहराला या वाटेची आठवण करून देणारी एकमेव सरकारी पाटी तिथेच आहे.

या वाटेवर आता मोठी कामं चालू आहेत. तुकोजीराव होळकर दुसऱ्यांनी १८७० मध्ये एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन खंडवा-इंदूर रेल्वे आणवली. पातालपाणी ते कालाकुंडचा तो मीटरगेजचा घाट आता वारसा-गाडीपुरता उरला आहे आणि ब्रॉडगेजसाठी डोंगरातून नवा मार्ग आखला आहे. खंडवा रस्ता रुंद होतो आहे आणि घाटात बोगदे काढले आहेत. मी या कामांच्या विरोधात नाही. निमाडला आणि खानदेशाला जोडणारा चांगला रस्ता इंदूरच्या मराठी माणसाला नको असेल, असं म्हणणं ढोंग होईल. उलट बोगद्याचं मला कौतुक आहे, कारण त्याच्या डोक्यावरचं जंगल सलग राहू शकतं. रस्ता आणि जनावर एकत्र नांदू शकतात याचा पुरावा नागपूरच्या वाटेवर आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी नऊ मार्ग रस्त्याखालून काढले. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघासह अठरा जातींचे वन्यप्राणी त्यांतून जाताना टिपले गेले. बंदीपूरने दुसरा उपाय निवडला: २००९ पासून तिथे राष्ट्रीय महामार्गावर रात्री नऊ ते सकाळी सहा सर्वसाधारण वाहतूक बंद असते. इंदूरच्या बायपासवर रात्रीची वाहतूक थांबवणं अशक्य आहे, हे उघड आहे. पण रुंदीकरणाच्या वेळी प्रत्येक नाल्यावरचा पूल थोडा उंच आणि रुंद ठेवणं अशक्य नाही. तो खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकात बसतो. अभयारण्याच्या अंदाजपत्रकात कधीच बसणार नाही.

यावर एक कठोर आक्षेप असा, की मग रालामंडलवर शक्ती कशाला खर्च करायची? तीच माणसं, तोच पैसा खिवनीला द्या, जिथे वाघ खरोखर राहू शकतो. वन्यजीवांचा एवढाच हिशेब मांडला तर आक्षेपात तथ्य आहे. एक रुपया कुठे ठेवायचा असा प्रश्न आला, तर मीही तो खिवनीत ठेवीन. पण मी जे मागतो आहे त्याला अभयारण्यावर फारसा खर्च करावा लागतच नाही. दुसरं असं, की खिवनीला राजकीय पाठबळ लागेल ते इंदूरच्या मतदारांकडून, आणि ज्या शहराने आपल्या दाराशी असलेलं जंगल बागेसारखं वापरलं, ते शंभर किलोमीटरवरच्या जंगलासाठी आवाज कशाला उठवील? मुंबईचा दाखला घ्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर, चहूबाजूंनी माणसांनी वेढलेलं, तरीही तिथे बिबटे आहेत. २०११ पासून वनखातं, संशोधक आणि नागरिकांनी मिळून तिथे जी जागृती केली, तिचा रोख बिबट्यांपेक्षा माणसांवर जास्त होता: कचरा उघड्यावर टाकू नका, मुलांना रात्री एकटं बाहेर सोडू नका, बिबट्या दिसला म्हणून लगेच पिंजरा मागू नका. हे शिक्षण दूरच्या जंगलात मिळत नाही. ते शेजारच्याच जंगलात मिळतं.

पिंजऱ्याचा मुद्दा इंदूरलाही लागू आहे, कारण खंडवा रस्त्याच्या वसाहतींत बिबट्या शिरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि 'पकडा, लांब नेऊन सोडा' ही मागणी लगेच होते. जुन्नर भागातला अनुभव याच्या उलट शिकवतो. तिथे दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले गेले, आणि विद्या अथ्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात फेकलेला प्राणी बिथरतो. म्हणून सरावलेल्या वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्या बिबट्याला वाट शिल्लक ठेवणं हे माणसांच्याही हिताचं आहे.

दुसरा आक्षेप करमणुकीचा. पस्तीसएक लाखांच्या शहराला मोकळी जागा किती आहे? लोकांनी टेकडीवर यायचं नाही, मुलांनी हरणं पाहायची नाहीत, सफारीचं वाहन नको, मग हे जंगल कोणासाठी? माझं उत्तर असं, की लोकांनी जरूर यावं. सकाळी चढणारी माणसं या टेकडीचे सर्वांत स्वस्त आणि विश्वासू राखणदार आहेत; जिथे रोज शंभर डोळे असतात तिथे झाड तोडणं आणि भराव टाकणं अवघड जातं. अडचण माणसांच्या येण्याची नसून त्यांच्यासाठी केल्या जाणाऱ्या सोयींची आहे. एक नवी शेड, एक रुंद रस्ता, एक रात्रीची सफारी, प्रत्येक गोष्ट वेगळी पाहिली तर निरुपद्रवी दिसते. पण जिथे सगळंच कडेला आहे, तिथे आत टाकलेला प्रत्येक दिवा दुसरी कड तयार करतो. दिवसा माणसांची आणि रात्री जनावरांची, एवढी साधी वाटणी केली तरी पुष्कळ साधेल. हरणं जवळून पाहायची हौस भागवायला नवलख्याचं प्राणिसंग्रहालय आहे. रस्त्यातच आहे.

इंदूरपुरता एक खास धोका आहे, आणि तो या शहराच्या सर्वांत मोठ्या गुणातून येतो. २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर अग्रभागी आहे. रालामंडलच्या शेजारी, नेमावर रस्त्यावरच्या देवगुराडियात कचऱ्याचे जे जुने डोंगर होते ते उपसून साफ केले गेले, आणि फेब्रुवारी २०२२ पासून तिथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवण्याची क्षमता असलेला प्रकल्प आहे. या कामाने रालामंडलचं जेवढं भलं झालं, तेवढं आतल्या कुठल्याही सुशोभनाने झालं नसतं. उघड्यावरचा कचरा गेला की भटकी कुत्री कमी होतात, आणि कुत्र्यांच्या मागावर येणारा बिबट्याही. बाहेर केलेलं काम आत कसं पोचतं, याचं हे शहराने स्वतः घडवलेलं उदाहरण आहे. पण तोच स्वच्छतेचा हात जंगलात शिरला तर घात होईल. प्लास्टिक उचलायलाच हवं. वाळलेला पाचोळा मात्र कचरा नव्हे. तो पावसाचं पाणी धरतो, मातीला पोसतो, किड्यांना आणि पर्यायाने पक्ष्यांना सांभाळतो. उभं वाळलेलं झाड हे सुताराचं आणि घुबडाचं घर असतं. काढायचंच असेल तर घाणेरी काढा, आगीचे पट्टे राखा आणि बाकीचं पडल्या जागी राहू द्या. शहराची झाडलोट आणि जंगलाची निगा ही दोन वेगळी शास्त्रं आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत न्याय्य आहे. संरक्षणाचे नियम कडक झाले की बिल्डर वकील लावून सुटतो आणि एकर-दोन एकरांचा शेतकरी अडकतो. चोरल-मानपूरच्या पाड्यांवरच्या भिल-भिलालांना तर जंगलाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या हाकललं गेलं आहे. इथे माझा मुद्दा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. नीलगाय आणि बिबट्या सोयाबीन-गव्हाच्या शेतातून चालत जातात. आठ फुटी भिंतीतून जाऊ शकत नाहीत. म्हणजे शेत हे शेत राहिलं तर वाट राहते. तेव्हा बंधन शेतीवर नको, शेतीचे प्लॉट पाडण्यावर हवं, आणि नीलगायींनी केलेल्या नुकसानीची भरपाई वेळेत, हेलपाटे न घालायला लावता मिळायला हवी. दक्षिणेत बिळिगिरी रंगनाथ टेकड्यांत सोलिगांचे सामुदायिक वनहक्क २०११ मध्ये मान्य झाले आणि तिथे व्याघ्रप्रकल्पही चालू आहे. माणसाचा हक्क आणि जंगलाचं रक्षण एकमेकांना छेद देतातच असं नाही. प्लॉट पडून भाव चढण्याची आस शेतकऱ्याने सोडावी, असं मात्र फुकट सांगता येणार नाही. शहराला वाट हवी असेल तर त्याने किंमत मोजावी.

म्हणून रालामंडलला जाणाऱ्याला माझं सांगणं आहे, की हरीण उद्यानापाशी थांबू नका. माथ्यावर चढा, आणि शहराकडची बाजू पाहून झाली की दक्षिणेकडे वळा. सिमरोलच्या दिशेने टेकड्यांच्या निळसर रांगा दिसतात, आणि त्या रांगा व तुमच्या पायाखालची टेकडी यांच्यामध्ये बायपास, भिंती, शेतं, नाले. त्यातलं जे अजून मोकळं आहे ते बोटाने दाखवता येईल इतकंच आहे. इंदूरच्या पुढच्या विकास आराखड्यात ते नाले आणि त्यांच्या काठचे पट्टे हिरव्या रंगात दाखवले जातात की पिवळ्या, यावर रालामंडल अभयारण्य राहणार की उद्यान होणार हे ठरेल. ते ठरवणारी माणसं वनखात्यात बसत नाहीत. नगर नियोजनाच्या कार्यालयात बसतात, आणि तिथे हरकती-सूचना कोणीही नागरिक देऊ शकतो. दक्षिणेच्या जंगलांची तिकिटं काढायला आपण महिनोन्‌महिने आधीपासून धडपडतो. या एका अर्जाला तेवढाही वेळ लागत नाही.